बिनरस्त्याच्या मुलखातली बुखान्का

'बुखान्का' हे यूएझ-४५२ या सोव्हिएत व्हॅनचे लोकांनी ठेवलेले नाव. रशियन भाषेत त्याचा अर्थ साच्यात भाजलेला अखंड पाव. कडांना गोलाई, पत्र्यावर दाबून काढलेल्या वळ्या, आणि पुढे नाक म्हणावे असे काहीच नाही. गाडीकडे पाहिले की नावाचा उलगडा होतो. कारखान्याच्या कागदांवर तिचा क्रमांक १९५८ मध्ये ४५० होता, १९६५ मध्ये ४५२ झाला, १९८५ मध्ये पुन्हा बदलला. इंजिने बदलली, दिवे बदलले, आतली बाके बदलली. मूळ पेटी आणि तिच्याखालचा सांगाडा मात्र साठ वर्षांहून अधिक काळ जवळपास तसाच राहिला. माणसे आणि माल भरलेली व्हॅन डांबर सोडून चिखलात, वाळूत, गोठलेल्या तळ्यावर घालण्याचा जेवढा अनुभव या एका गाडीच्या वाट्याला आला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही व्हॅनच्या क्वचितच आला असेल.

खडबडीत मुलखासाठी व्हॅन ही वरकरणी चुकीची निवड वाटते. अशा वाटेला गाडी बुटकी, आखूड आणि हलकी हवी. व्हॅन उंच, लांब आणि ओझ्याने वाकलेली असते. जीपसारख्या गाडीचा जन्मच या वाटांसाठी झाला. पण जीपमध्ये चार-सहा माणसे बसतात आणि मागे दोन पोती मावतात. जिथे रस्ता नाही तिथेही माणसे आजारी पडतात, बायका अडतात, शाळेत खडू लागतो, दुकानात पीठ लागते, टपाल यावे लागते. आडवे झोपवून न्यायच्या रोग्याला जीप अपुरी पडते. मोठा ट्रक पुरतो, पण तो जड, महाग आणि अरुंद वाटेवर न वळणारा. या दोहोंच्या मधली जागा व्हॅनची. तिचा इतिहास या गरजेतून वाचला तरच नीट कळतो. हौसेच्या चिखलसफरी फार पुढच्या.

ज्या भूमीने ही गाडी घडवली तिची ओळख आधी करून घ्यायला हवी. रशियन मैदानात वर्षातून दोनदा जमीन माणसाला सोडत नाही. शरदातल्या पावसाने एकदा, आणि वसंतात बर्फ वितळू लागले की पुन्हा. या काळाला 'रास्पुतित्सा' म्हणतात. वसंतातला प्रकार अधिक वाईट, कारण वरची माती वितळलेली असते आणि खालचा थर अजून गोठलेला. पाणी खाली मुरू शकत नाही, त्यामुळे वरचा सगळा थर राबडी होऊन बसतो. दक्षिणेकडच्या पट्ट्यात ही माती काळी आणि कसदार आहे. विदर्भ-मराठवाड्यात भर पावसाळ्यात पांदणीतून ज्यांनी गाडी काढली आहे, त्यांना अशा मातीचा चाकाला बसणारा गोळा समजावून सांगावा लागणार नाही. १९४१ च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या वाटेवर जर्मन सैन्याच्या मोटारी याच चिखलात रुतल्या होत्या.

त्याच महिन्यांत बुखान्काच्या कारखान्याचा पाया पडला. जर्मन जवळ आले तसा मॉस्कोतल्या झिस या ट्रक कारखान्याचा काही भाग सुटा करून आगगाडीने पूर्वेला हलवण्यात आला. यंत्रांचा एक हिस्सा व्होल्गाकाठच्या उल्यानोव्स्कला उतरला. हे गाव म्हणजे पूर्वीचे सिम्बिर्स्क, लेनिनचे जन्मगाव. १९२४ मध्ये त्याच्या आडनावावरून ते उल्यानोव्स्क झाले. युद्धाच्या धामधुमीत तिथे ट्रक जुळवले जाऊ लागले. युद्ध संपल्यावर १९४७ पासून गॉर्की शहरातल्या गाझ कारखान्याचा दीड टनी ट्रक इथे तयार होऊ लागला. लोक त्याला 'पोलुतोर्का', म्हणजे 'दीडकी' म्हणत. पुढे यूएझ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कारखान्याने अशी सुरुवातीला इतरांची मुले वाढवली.

दीडकीशी एक मोठी आठवण जोडलेली आहे, आणि या विषयात ती बाजूला ठेवता येत नाही. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा लादोगा तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठावरून शहराला धान्य पोचवले गेले. ट्रकांचा पहिला ताफा २२ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्फावर उतरला. गाड्या बुडत होत्या, आणि नेहमी जास्त ओझ्यामुळेच बुडत होत्या असेही नव्हते. नाउम रेइनोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने बर्फाची लवचीक हालचाल नोंदवणारे उपकरण तयार केले तेव्हा उलगडा झाला. बर्फाचा थर पाण्यावर तरंगत असतो. गाडी पुढे जाते तशी तिच्याखाली एक लाट धावते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की लाट वाढत जाते आणि थर फुटतो. तिथल्या परिस्थितीत हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास निघाला. त्याहून हळू किंवा त्याहून वेगाने जाणारी गाडी सुखरूप जाई. बिनरस्त्याच्या वाटेवर ताकदीपेक्षा खालच्या जमिनीचा स्वभाव ओळखणे मोठे, हे सांगणारा याहून लखलखीत दाखला सापडणार नाही.

बुखान्काचे रक्ताचे नाते मात्र दुसऱ्या गाडीशी आहे. गॉर्कीच्या कारखान्यात ग्रिगोरी वासेरमान यांच्या हाताखाली गाझ-६९ ही जीपवजा गाडी घडली आणि १९५३ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. काही वर्षांतच ते पूर्णपणे उल्यानोव्स्ककडे गेले. आता या कारखान्याकडे चारही चाकांना जोर देणारा, चिखलात तावून निघालेला सांगाडा होता. त्यावर जास्त माल नेणारी गाडी बसवायची, आणि तीही सांगाडा फारसा न वाढवता, असा विचार पुढे आला. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर गाझ-६९ मध्ये २,३०० मिलिमीटर होते. व्हॅनमध्येही ते तेवढेच ठेवले गेले.

सगळी रचना या एका आकड्याभोवती उभी आहे. आसांमधले अंतर वाढवले तर बांधावरून किंवा उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट टेकते आणि चाके लोंबकळतात. वाढवले नाही तर मालाला जागा राहत नाही. यावर तोडगा एकच होता: नाक कापून टाकायचे. चालकाला पुढच्या चाकांच्या वर बसवले, इंजिन त्याच्या आणि शेजारच्या आसनाच्या मध्ये झाकणाखाली घेतले, आणि मागची सगळी लांबी पेटीला दिली. सुमारे ४.४ मीटर लांबीच्या गाडीत त्यामुळे ८०० किलो माल मावू लागला. जमिनीपासूनची मोकळी उंची २२० मिलिमीटर राहिली. किंमत मोजावी लागली ती उंचीत. गाडी दोन मीटरहून उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटरहूनही कमी. आडव्या उतारावर बुखान्का का डगमगते, याचे उत्तर या दोन मापांतच आहे.

चालकाला पुढच्या चाकांवर बसवण्याची कल्पना उल्यानोव्स्कची एकट्याची नव्हती. अमेरिकेत विलीज कंपनीने जीपच्याच सांगाड्यावर १९५६ च्या अखेरीस 'फॉरवर्ड कंट्रोल' ट्रक आणला होता. एफसी-१५० या त्याच्या धाकट्या नमुन्यात चाकांमधले अंतर सुरुवातीला इतके कमी होते की तो वळणावर धास्ती देई. १९५८ मध्ये रुंद ॲक्सल बसवून तो सुधारावा लागला. हीच एफसी मालिका पुढे मुंबईच्या महिंद्र कंपनीने भारतात बनवली, आणि तिच्या सांगाड्यावर रुग्णवाहिका आणि छोट्या बसही बांधल्या गेल्या. अमेरिकेत या गाडीला फार ग्राहक मिळाले नाहीत. तिथे खेड्यापर्यंत रस्ते पोचले होते. सोव्हिएत संघात ते पोचले नव्हते, आणि पोचण्याची चिन्हेही नव्हती.

योगायोगाने १९५८ हेच बजाज टेम्पो कंपनीच्या स्थापनेचेही वर्ष. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने ती उभी राहिली, आणि त्या कारखान्याचे नाव मराठीत मालवाहू गाडीचा सामान्य शब्दच होऊन बसले. तिच्या मॅटेडोर व्हॅनला जोर पुढच्या चाकांवर होता. डांबरी रस्त्यावर ही रचना सोयीची, कारण मागची फरशी खाली घेता येते आणि माल चढवायला सोपे जाते. पण मागे ओझे भरून ओल्या चढावर चढताना भार मागे सरकतो आणि ओढणारी पुढची चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. बैलगाडीवाले ज्याला गाडी 'उलाळ' होणे म्हणतात तोच हा प्रकार. व्हॅनला चारही चाकांचा जोर का हवा, हे या एका शब्दात येते: तिचे ओझे रोज बदलते, आणि ओझ्याबरोबर कोणत्या चाकाला पकड मिळणार तेही बदलते.

यूएझ-४५० चे पहिल्यापासूनच एक कुटुंब होते. बंद मालवाहू व्हॅन, उघड्या हौद्याची छोटी ट्रक, प्रवासी गाडी आणि रुग्णवाहिका, सगळ्या एकाच सांगाड्यावर. रुग्णवाहिकेला या कुटुंबात मानाचे स्थान होते. सैन्याला आघाडीजवळून जखमी उचलून आणणारी गाडी हवी होती आणि आरोग्य खात्याला खेड्यांत डॉक्टर पोचवणारी. मागे चार स्ट्रेचर बसवता येत. बाजूवरच्या गोल चिन्हातला तांबडा क्रॉस आणि गाडीचा गोलसर आकार यामुळे तिला 'ताब्लेत्का', म्हणजे औषधाची गोळी, असे नाव पडले. हौद्याच्या ट्रकचे तोंड मोठे आणि मागचा भाग बारीक दिसे. तिचे नाव 'गोलोवास्तिक', बेडकाचे पिल्लू. लोक ज्या वस्तूवर अवलंबून असतात तिलाच अशी घरगुती नावे मिळतात.

१९६५ च्या ४५२ मध्ये व्होल्गा मोटारीच्या इंजिनाच्या घराण्यातले, ॲल्युमिनियमचे, सुमारे २.४५ लिटरचे चार सिलिंडरी इंजिन आले. ताकद ७०-७५ अश्वशक्ती. आजच्या हिशोबाने हा आकडा केविलवाणा वाटतो. पण हे इंजिन हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चाले, आणि शेकडो किलोमीटरवरच्या सामूहिक शेतावर तेच पेट्रोल मिळत असे. चार गिअरची पेटीही याच वेळी आली. गाडीखाली जी यंत्रणा होती तिचा इथे थोडा तपशील द्यायला हवा, कारण व्हॅन चिखलातून कशी निघते हे तिच्यातूनच कळते.

पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड लोखंडी ॲक्सल आहे आणि त्यावर पाटे. अखंड ॲक्सलचा फायदा असा की एक चाक दगडावर चढले तरी ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची फारशी घटत नाही. तोटा असा की प्रत्येक धक्का पाठीच्या कण्यापर्यंत जातो. एरवी जोर फक्त मागच्या चाकांना असतो. दुसरी दांडी ओढली की पुढचा ॲक्सलही जोडला जातो. तिसरी गोष्ट म्हणजे लो गिअर. तो टाकला की जोर जवळपास दुपटीने वाढतो आणि वेग तितकाच उतरतो. पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी माणसाच्या चालीने, क्लच न दाबता, सरपटत राहते. उतारावर ब्रेकऐवजी हाच गिअर गाडीला धरून ठेवतो. निसरड्या उतारावर ब्रेक दाबून चाके बांधली गेली तर गाडी घसरगुंडी होते, हे तिथले चालक पहिल्या वर्षीच शिकतात.

पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना थेट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा बर्फात ही तफावत चाके थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, त्यामुळे सगळा ताण गिअरांवर आणि दांड्यांवर येतो. म्हणून पक्का रस्ता लागला की पुढचा ॲक्सल सोडवायचा हा नियम. त्याच्या उलट चूक अधिक घडते: चालक चिखलात शिरल्यावर, मागची चाके खड्डा करून बसल्यावर पुढचा ॲक्सल जोडतो. तोवर पोट टेकलेले असते. जाणता चालक चिखलाआधी थांबतो, उतरतो, काठीने खोली बघतो, दांड्या टाकतो आणि मग एकाच गतीने पार होतो.

जोर कितीही असला तरी जमिनीला टेकतो तो टायरच. मऊ जमिनीवर टायरमधली हवा कमी केली की रबर पसरते, ओझे मोठ्या जागेवर वाटले जाते आणि गाडी रुतण्याऐवजी वर राहते. वाळूत आणि ताज्या बर्फात हा उपाय इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त कामाचा. पुढे पक्की वाट लागली की हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर तापून फाटतो. चाकोऱ्यांचाही एक न्याय आहे. आधी गेलेल्या मोठ्या ट्रकांच्या खोल चाकोरीत व्हॅन उतरली की तिचा ॲक्सल मधल्या वरंब्यावर घासत जातो. म्हणून एक चाक वरंब्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालवतात. गाडी त्यामुळे कलती होते, आणि उंच पेटीत माल वरपर्यंत भरलेला असेल तर नेमकी इथेच उलटते. जड पोती तळाशी आणि दोन ॲक्सलच्या मध्ये, हलके सामान वर, टपावर शक्य तितके कमी, हे शिस्तीने पाळावे लागते. प्रवासी असतील तर अवघड आडव्या उतारावर त्यांना उतरवून चालत पुढे पाठवणे ही जुनी रीत, आणि ती शहाणपणाची आहे.

रस्ता नसलेल्या मुलखात गाडी बंद पडली तर मदत यायला दिवस लागू शकतात. या एका भीतीने बुखान्काची अर्धी रचना ठरवली. इंजिन चालकाच्या बगलेत असल्यामुळे झाकण उचलले की प्लग, कार्बुरेटर, पंखा सगळे आतूनच हाती लागते. बाहेर उणे ४० अंश असताना बोनेट उघडून उभे राहणे आणि बंद केबिनमध्ये बसून पाना फिरवणे यात जिवंत राहण्या-न राहण्याइतका फरक पडतो. बॅटरी थंडीने बसली तर पुढून हँडल मारून इंजिन सुरू करता येई. इंजिनाची धग केबिनला ऊब देते. उन्हाळ्यात हीच धग, पेट्रोलचा वास आणि गडगडाट असह्य होतो, आणि चालकाला वर्षानुवर्षे तो सोसावा लागला. पत्रा गंजतो, तेल गळते, जोडकाम ओबडधोबड असते. पण जे मोडते ते सामान्य पान्यांनी दुरुस्त होते, आणि सुटे भाग एका पिढीच्या गाडीचे दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसतात. गुणवत्तेचा हा वेगळा अर्थ कारखान्याने जाणून स्वीकारला की परिस्थितीने लादला, यावर वाद घालता येईल. दूरच्या वस्तीवरच्या परिचारिकेला त्याने काही फरक पडत नव्हता.

बैकाल तळ्यातल्या ओल्खोन बेटावर या गाडीचे प्रवासी रूप आजही दिसते. खुझिर या मुख्य गावातून उत्तरेच्या खोबोय टोकाकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे गवताळ टेकड्यांवरच्या खोल चाकोऱ्या, वाळूचे पट्टे आणि झाडांच्या मुळांनी भरलेले चढ. पर्यटकांना तिथवर नेण्याचे काम करड्या बुखान्का करतात आणि अनेक स्थानिक कुटुंबांचे पोट त्यावर चालते. उन्हाळ्यात बेटावर फेरीबोट जाते. हिवाळ्यात तळे गोठले की अधिकृत बर्फवाट आखून दिली जाते, आणि तिचे नियम लादोगाची आठवण करून देतात: वजनाची मर्यादा, दोन गाड्यांमध्ये राखलेले अंतर, बांधलेला वेग आणि आसनाचा पट्टा सोडलेला. एरवी जीव वाचवणारा पट्टा इथे सोडायचा असतो, कारण बर्फ फुटले तर बाहेर पडायला क्षणच मिळतात. बैकालची सर्वाधिक खोली १,६४२ मीटर आहे.

मंगोलियात हीच गाडी 'पुर्गोन' झाली. रशियन 'फुर्गोन'मधला 'फ' मंगोल जिभेवर 'प' होतो. समाजवादी काळात या गाड्या सरकारी संस्था आणि पशुपालक सहकारी संस्थांकडे होत्या. १९९० नंतर ती व्यवस्था कोसळली आणि गाड्या खासगी हातांत गेल्या. बहुतेक जिल्ह्यांना पक्का रस्ता नव्हताच. राजधानी उलानबातरच्या बाजारातून पुर्गोन सुटण्याची वेळ घड्याळावर ठरत नसे. गाडी भरली की निघे, आणि ती भरली कधी याची व्याख्या फार लवचीक होती. बसायच्या जागांच्या दुप्पट माणसे, त्यांच्या मांडीवर मुले, पायांखाली पिठाची पोती आणि टपावर तंबूचे लाकडी सांगाडे असा प्रवास दीड-दोन दिवस चाले. माल आणि प्रवासी यांतला भेद त्या पेटीत उरत नसे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या वडापमधून दाटीवाटीने गेलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. फक्त मंगोलियात पुढचा थांबा शंभर किलोमीटरवर असू शकतो.

स्टेपच्या मोकळ्या गवतावर वाट खराब झाली की चालक शेजारून नवी चाकोरी पाडतो. ती खराब झाली की आणखी एक. वरून पाहिले तर एका रस्त्याच्या जागी सुटलेल्या दोरासारखे दहा-बारा पेड दिसतात. कोरड्या हवेत तिथले गवत फार सावकाश परत येते आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडते. उत्तरेच्या टुंड्रात नुकसान याहून खोल जाते: शेवाळाचे पांघरूण चाकाने फाटले की खालची कायम गोठलेली जमीन वितळू लागते आणि चाकोरीचा ओढा होतो. जिथे जायला रस्ता लागत नाही तिथे जाण्याची किंमत गाडी देत नाही, जमीन देते. मंगोलियात पुढच्या काळात पक्के रस्ते वाढले. त्यांचा एक मोठा लाभ या पेडांची संख्या घटण्यातही मोजायला हवा.

पश्चिम युरोपात व्हॅन बिनरस्त्याला लागली ती अगदी वेगळ्या अंगाने. फोक्सवॅगनची टाइप-२ व्हॅन १९५० मध्ये आली. तिचे इंजिन मागे, ओढणाऱ्या चाकांच्या वर. त्यामुळे रिकाम्या गाडीलाही पकड चांगली मिळे, आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांत मागच्या चाकांपाशी असलेल्या छोट्या गिअरपेट्यांमुळे पोटही उंच राही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातली तरुण मुले अशा गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत भारतात येऊ लागली, आणि परदेशी नंबरपाट्यांच्या या व्हॅन गोव्यात कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यांवर मुक्काम ठोकू लागल्या. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातला सोव्हिएत सैन्याचा शिरकाव यांनी ती वाट बंद झाली. त्या प्रवासात कच्चे टप्पे पुष्कळ होते, पण गाडी मूळची रस्त्यावरचीच होती.

फोक्सवॅगनचे अभियंते गुस्ताव्ह मायर आणि हेनिंग डुकस्टाइन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चारही चाकांना जोर देणाऱ्या मोजक्या प्रायोगिक व्हॅन तयार करून सहारात नेऊन पारखल्या. त्या गाड्या बाजारात आल्या नाहीत. १९८५ मध्ये पुढच्या पिढीच्या व्हॅनची 'सिंक्रो' आवृत्ती आली तेव्हा तिचे उत्पादन ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या श्टायर-डाइमलर-पुख कारखान्याने केले. डोंगरी सैन्यासाठी १९७१ पासून पिन्झगावर ही दणकट गाडी करणारा हाच कारखाना. सिंक्रोत दांडी ओढायचीच नसे. पुढच्या ॲक्सलपाशी दाट सिलिकॉन द्रवात बुडवलेल्या पातळ चकत्यांची पेटी होती. मागची चाके घसरून वेगाने फिरू लागली की चकत्यांच्या दोन गटांच्या वेगात फरक पडतो, द्रव तापून घट्ट धरतो आणि जोर आपोआप पुढे जातो. चारही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होत, त्यामुळे आत बसणे सुसह्य. बुखान्का चालकाकडून निर्णय मागते, सिंक्रो तो स्वतः घेते. सुखात सिंक्रो कितीतरी वरचढ. पण त्या द्रवाची पेटी निकामी झाली तर ती गावच्या लोहाराकडे दुरुस्त होत नाही.

जपानात मित्सुबिशीने १९८२ मध्ये डेलिका व्हॅनला चार चाकांचा जोर दिला. त्यामागची यंत्रणा पजेरोच्या घराण्यातली. तिथले ग्राहक बर्फाळ डोंगरांत सुट्टीला जाणारी कुटुंबे होते. बिनरस्त्याची व्हॅन इथून गरजेकडून हौसेकडे वळली, आणि आज रशियातही शहरी तरुण जुन्या बुखान्का घेऊन त्यांत पलंग-चूल बसवतात.

बुखान्काचे दोष झाकण्यात अर्थ नाही. चालकाचे गुडघे गाडीच्या सर्वांत पुढच्या पत्र्यामागेच असतात; समोरासमोर धडक झाली तर मध्ये चेपायला काही नसते. दशकानुदशके या गाड्यांत पट्टे धड नव्हते आणि ब्रेक साधे होते. प्रवासी नेणाऱ्या गाडीबाबत हे गंभीर आहे, आणि जिथे पर्याय उपलब्ध झाला तिथे शाळेच्या आणि दवाखान्याच्या कामातून तिने बाजूला होणे योग्यच. २०२२ पासून युक्रेनमधल्या युद्धात दोन्ही बाजूंनी या व्हॅन वापरल्या. जखमींना आघाडीवरून मागे आणायचे काम, ज्यासाठी ताब्लेत्का १९५० च्या दशकात आखली गेली होती, तेच तिच्याकडे पुन्हा आले.

उल्यानोव्स्कच्या कारखान्यात या गाड्यांच्या मालिकेला रशियन आद्याक्षरांनी 'एसजीआर' म्हणतात, म्हणजे 'जुनी मालवाहू मालिका'. नव्या गाड्यांत २.७ लिटरचे इंधन-फवाऱ्याचे इंजिन आहे आणि चाके बांधली जाऊ न देणारे ब्रेक आले आहेत. इंजिनाचे झाकण मात्र अजून दोन आसनांच्या मध्येच आहे, आणि व्हॅनच्या दोन आसांमधले अंतर अजून २,३०० मिलिमीटर.